विंडोज सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी फाइली काढून घ्या

लॅपटॉपचं बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह येतं, ठिपके गोल फिरत राहतात आणि गाडी तिथेच अडते. कधी निळा पडदा येतो, कधी काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ दिसते. दुकानात नेलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकावं लागेल. मशीन त्याने सुरू होतंही, पण मुलांचे लहानपणापासूनचे फोटो, सोसायटीचे हिशेब, अर्धा लिहून झालेला प्रबंध हे सगळं त्यात जातं. आणि बऱ्याचदा ते जाण्याची काहीच गरज नसते.

कारण विंडोज बिघडणं आणि डिस्क बिघडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अपडेट अर्धवट राहिलं किंवा चालू मशीनची वीज गेली तर विंडोजच्या सुरू होण्याच्या फाइली खराब होतात. तुमच्या फाइली मात्र त्याच डिस्कवर जागच्या जागी असतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी फाइली दुसऱ्या डिस्कवर, मग दुरुस्ती. तोपर्यंत बिघडलेल्या मशीनच्या डिस्कवर काहीही लिहिलं जाता कामा नये. ‘रिसेट धिस पीसी’ नको, विंडोज पुन्हा टाकणं नको आणि इंटरनेटवर सर्रास सुचवली जाणारी ‘चेकडिस्क’सुद्धा आत्ता नको. चेकडिस्क फाइल-व्यवस्थेतली विसंगती मिटवते, पण ते करताना तुमच्या फाइलींचे तुकडे करू शकते. डिस्क मरायला टेकलेली असेल तर तेवढा ताणही तिला झेपत नाही.

आधी आवाज ऐका

डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणाऱ्या तबकडीची असेल तर मशीन सुरू करून कान जवळ न्या. एकसारखी घरघर येत असेल तर ठीक. ठरावीक अंतराने टक्-टक् येत असेल किंवा काही घासल्यासारखं वाटत असेल, तर लगेच वीज बंद करा आणि पुढचं काहीही घरी करू नका. डिस्कमधलं वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. ते खराब झालं असेल तर चालू राहण्याच्या प्रत्येक मिनिटाला तबकडी ओरबाडली जाऊ शकते. डिस्क फ्रिजमध्ये ठेवण्याचा जुना उपायही करू नका, आत दव धरतं. झाकण उघडून पाहण्याचा मोह तर अजिबात नको.

एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क असेल तर आवाज नसतो. ती बहुधा कसलीही सूचना न देता बंद पडते.

आवाज ठीक असेल तर मशीन सुरू होताना एफ २ किंवा डिलीट ही कळ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जा. कळ कंपनीनुसार बदलते. तिथे डिस्कचं नाव दिसतंय का पाहा. दिसत असेल तर आशा भरपूर आहे. दिसत नसेल तर डिस्क, तिची जोडणी किंवा मदरबोर्ड यांपैकी काहीतरी गेलंय. मग सरळ डिस्क बाहेर काढण्याच्या मार्गाकडे वळा.

बिटलॉकरची किल्ली शोधून ठेवा

मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत डिस्क ‘बिटलॉकर’ या विंडोजच्याच सोयीने आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. अशी डिस्क दुसरीकडे जोडली की ४८ अंकी रिकव्हरी की मागते. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा. ‘डिव्हाइसेस’ विभागात बिटलॉकरच्या किल्ल्या सापडतात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ती आयटी विभागाकडे असू शकते. किल्ली कुठेच नसेल तर कितीही महागडी लॅब त्या फाइली वाचू शकणार नाही. म्हणून हे काम आधी उरका.

मोबाइल हातात आहेच तर वनड्राइव्ह, गुगल फोटोज आणि मेलचा ‘सेंट’ विभागही चाळून घ्या. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर वनड्राइव्हला जोडलेली असतील, तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

पहिला मार्ग: नोटपॅडमधून कॉपी

थोड्याच फाइली हव्या असतील तर हा मार्ग सगळ्यात सोपा. विंडोज सलग दोन-तीनदा सुरू होता होता बंद पडलं की ‘ऑटोमॅटिक रिपेअर’चा निळा पडदा येतो. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘ट्रबलशूट’, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ असं करत ‘कमांड प्रॉम्प्ट’पर्यंत पोहोचा. काळ्या खिडकीत नोटपॅड हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडलं की ‘फाइल’मधून ‘ओपन’ निवडा आणि खाली फाइलींचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ करा. आता ही छोटी खिडकी एक्सप्लोररसारखी वापरता येते. हवं त्या फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी करा आणि आधीच जोडलेल्या पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट करा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणजे तुमचा नेहमीचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसेल. आणि कॉपी किती झाली हे दाखवणारी पट्टी येत नाही. खिडकी गोठल्यासारखी वाटली तरी थांबा, मधेच पेनड्राइव्ह उपटू नका.

दुसरा मार्ग: पेनड्राइव्हवरचं लिनक्स

फाइली जास्त असतील तर मी हाच मार्ग सुचवेन. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण मोफत कार्यप्रणाली आहे आणि ती पेनड्राइव्हवरूनही चालते. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू या तिच्या प्रकारांपैकी एकाची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या प्रणालीची एकच फाइल, उतरवा. मिंटला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, उबुंटूसाठी १६ जीबीचा घ्या. ‘रुफस’ हे मोफत साधन वापरून ती पेनड्राइव्हवर चढवा. त्यावर आधीचं जे असेल ते पुसलं जातं, म्हणून पेनड्राइव्ह रिकामाच घ्या.

तो बिघडलेल्या मशीनला लावा आणि सुरू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोव्होमध्ये ती बहुधा एफ १२ असते, एचपीमध्ये एफ ९. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. उबुंटू विचारेल तेव्हा ‘ट्राय उबुंटू’ घ्या. ‘इन्स्टॉल’ला हात लावू नका, कारण इन्स्टॉल म्हणजे डिस्कवर लिहिणं. मिंटमध्ये थेट डेस्कटॉप येतो, तिथलंही ‘इन्स्टॉल’चं चिन्ह तसंच राहू द्या.

फाइल मॅनेजर उघडला की डाव्या बाजूला तुमची विंडोजची डिस्क दिसेल. दुसऱ्या यूएसबी पोर्टला एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडा आणि नेहमीसारखं कॉपी-पेस्ट करा. डिस्क वाचता येते पण तिच्यावर लिहिता येत नाही असं दिसलं तर घाबरू नका, विंडोज नीट बंद झालेलं नसलं की असं होतं आणि आपल्याला वाचायचंच आहे. एक्स्टर्नल डिस्क फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर जाणार नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर अडचण नाही.

तिसरा मार्ग: डिस्क बाहेर काढा

मशीनच मेलं असेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. लॅपटॉपची अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) डिस्क साध्या साटा-यूएसबी केबलवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम डॉट २ एसएसडी असेल तर ती साटा आहे की एनव्हीएमई (जोडणीची नवी, वेगवान पद्धत) हे तिच्या लेबलवर पाहूनच तिला बसेल अशी यूएसबी डबी घ्या. काही पातळ लॅपटॉपांत मात्र स्टोरेज बोर्डलाच झाळलेलं असतं, तिथे हा मार्ग नाही.

जोडल्यावर ‘फॉरमॅट करायचं का’ किंवा ‘इनिशियलाइझ करायचं का’ असं विंडोज विचारेल. दोन्ही वेळा ‘कॅन्सल’. फोल्डर उघडायला परवानगी नाही असा निरोप आला तर ‘कंटिन्यू’ दाबा. पण डिस्क कुरकुरत असेल तर तेही नको, कारण परवानग्या बदलणं म्हणजे डिस्कवर लिहिणंच. तेव्हा लिनक्स वापरा.

काय काय उचलायचं

‘युजर्स’ फोल्डरातलं तुमच्या नावाचं फोल्डर सगळ्यांना आठवतं. खरी चुकामूक त्याच्या बाहेर होते.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा तुमच्या नावाच्या फोल्डरात नसतो. टॅलीप्राइमचा बहुधा ‘युजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात टॅलीप्राइमच्या नावाखाली ‘डेटा’मध्ये मिळतो, तर जुन्या टॅली ईआरपी ९ चा सी ड्राइव्हवर तिच्याच फोल्डरात. आत नुसत्या आकड्यांच्या नावांची फोल्डर दिसतील, प्रत्येक फोल्डर म्हणजे एक कंपनी. निवडत बसू नका, अख्खं ‘डेटा’ उचला.

आणि मराठीत काम करणाऱ्यांनी विंडोजमधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर विसरू नये. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं, दिवाळी अंकांची पानं, ग्रामपंचायतीचे ठराव त्या फॉन्टशिवाय उघडले की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरं येतात. फाइल वाचली आणि मजकूर गेला, असं ते दुःख असतं. त्या छोट्या टीटीएफ फाइली मिनिटभरात कॉपी होतात.

मेलसाठी आउटलुक वापरत असाल तर मेल साठवलेल्या पीएसटी फाइली घ्या. ब्राउझरमधले बुकमार्क लपवलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरात असतात.

कॉपी अडखळत असेल तर

उबुंटूतल्या ‘डिस्क्स’ या ॲपमध्ये ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, उघडा. ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ किंवा ‘पेंडिंग सेक्टर’समोर शून्याऐवजी वाढता आकडा असेल तर डिस्क मोडकळीला आली आहे. अशा वेळी सगळ्यात महत्त्वाचं, लहान आकाराचं आधी काढा: कागदपत्रं, हिशेब, मग फोटो. सिनेमे शेवटी. थोडंफार तांत्रिक हात असलेलं कुणी ओळखीत असेल तर त्यांना ‘डीडीरेस्क्यू’ने अख्ख्या डिस्कची प्रत काढायला सांगा. हे साधन आधी सहज वाचता येणारे भाग उचलतं आणि मग अवघड भागांकडे परत येतं. कुठवर आलो याची नोंदही ठेवतं. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची.

पार्टिशनच (डिस्कचा विभागच) नाहीसं झालं असेल किंवा कुणी फॉरमॅट मारूनच टाकलं असेल, तर ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ ही मोफत साधनं आहेत. फोटोरेक फाइली त्यांच्या आतल्या खुणांवरून ओळखतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर परत येत नाहीत. मिळालेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर साठवा. एसएसडीवर पुसलेल्या जागा ‘ट्रिम’ या आपोआप होणाऱ्या सफाईमुळे खरोखरच रिकाम्या होतात, तिथे फारशी आशा ठेवू नका.

लॅबकडे जायची वेळ आलीच तर डिस्क देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: तपासणीचा खर्च, फाइली न मिळाल्यास किती पैसे लागतील आणि सापडलेल्या फाइलींची यादी पैसे भरण्याआधी दाखवणार का.

फाइली हाती आल्यावर नुसती फोल्डरांची नावं पाहून समाधान मानू नका. प्रत्येक फोल्डरातल्या चार-दोन फाइली उघडा, टॅलीची कंपनी दुसऱ्या मशीनवर चालवून पाहा, मराठी पत्र वाचता येतंय का बघा. दुसरी प्रत आणखी एका डिस्कवर ठेवा. त्यानंतरच मशीन दुकानात द्या. जुनी डिस्क बदलली असेल तर ती दुकानात सोडू नका. परत मागून घ्या आणि काही महिने घरी जपून ठेवा, कारण एखादी विसरलेली फाइल हमखास नंतरच आठवते.