मेळाव्याला जाण्याआधी: एडीएचडी, ऑटिझम, डिस्लेक्सिया असलेल्या उद्योजकांसाठी तयारी

पहिलं ठरवायचं ते जायचं की नाही. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहती, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, कुठंही बघा. बरीचशी कामं शेजारच्या शेडवाल्याच्या शब्दावर मिळतात. त्यामुळं स्पीकर, सत्कार आणि तीनशे माणसं असलेला प्रत्येक मेळावा गाठलाच पाहिजे, असं काही नाही. महिन्यात चार जणांना एकेकटं गाठून चहा घेतला तर तेही नेटवर्किंगच. मात्र मोठ्या कंपन्यांची परचेसची माणसं येणार असतील, तर जायचं. पुढची तयारी त्या दिवसासाठी.

आदल्या दिवशी आयोजकांपैकी कुणाला तरी फोन करून कार्यक्रमपत्रिका मागून घ्या: भाषणं किती वाजता संपणार, जेवण कुठं, कोण कोण येणार. फोन नको वाटत असेल तर व्हॉट्सॲप करा, कुणाला वावगं वाटत नाही. आलेल्या नावांतली दोन-तीनच निवडा आणि त्यातल्या एकाशी तरी कुणी ओळख करून देईल अशी सोय लावून ठेवा. अनोळखी माणसासमोर जाऊन उभं राहण्यात जी शक्ती जाते, ती निम्म्यावर येते.

गप्पांची धास्ती असणाऱ्यांना कोल्हापूर त्या मानानं सोपं आहे. इथली सुरुवात ठरलेली: "गाव कुठलं?", "म्हणजे अमक्यांचे तुम्ही कोण?", "शेड कुठाय?", "काय बनवता?" या चारही प्रश्नांची उत्तरं घरीच लिहून, मोठ्यानं म्हणून ठेवा. शेवटचं नेमकं हवं. "इंजिनीअरिंगचं काम करतो" असं सांगणारे हॉलभर असतात. "पंपाच्या कास्टिंगचं मशीनिंग करतो, पाच किलोच्या आतला जॉब, सीएनसी आणि व्हीएमसी दोन्ही आहेत," हे लक्षात राहतं. उलटा विचारायचा एक प्रश्नही खिशात असू दे: "तुम्ही मशीनिंग घरातच करता का बाहेर देता?" यावर समोरचा पाच मिनिटं बोलतो, तुम्ही ऐकायचं.

पिशवीत एक जॉब, म्हणजे आपण बनवलेला एखादा भाग, न्या. सगळ्यात कामाची वस्तू हीच, असं माझं मत. तळहातावर मावेल असा, मशीनिंग केलेला, तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळलेला. कागद सोडला की समोरचा तो हातात घेतो, उजेडाकडं तिरका धरून फेस (वरचा सपाट भाग) बघतो, बोअरमध्ये (भोकात) बोट फिरवतो, कडेला बर (धातूची धारदार कोर) राहिलीय का ते नखानं तपासतो. तेवढा वेळ दोघांचीही नजर जॉबवर. "डोळ्यांत बघून बोला" हा सल्ला ज्यांना छळतो त्यांची सुटका होते आणि बोलणं आपोआप टॉलरन्स (मापात चालणारा फरक), मटेरियल, रिजेक्शनवर येतं, म्हणजे आपल्या प्रांतात. चप्पलवाल्यानं एक पायताण न्यावं, हुपरीच्या चांदीवाल्यानं पैंजणाचा नमुना.

एडीएचडीवाल्यांसाठी, म्हणजे लक्ष टिकत नाही, उतावळेपणा होतो अशांसाठी (मीही त्यातलाच), एक वाक्य पाठच हवं: "ड्रॉइंग पाठवा, उद्या संध्याकाळपर्यंत रेट कळवतो." उत्साहाच्या भरात उभ्या उभ्या रेट आणि तारीख दोन्ही देऊन बसायची खोड याच वाक्यानं आवरते. आकड्यांचा गोंधळ होणाऱ्यांनाही तेच लागू. तोंडी हिशेब हॉलमध्ये करायचाच नाही.

डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यात अडचण) असेल तर कार्डावर क्यूआर कोड छापून घ्या आणि समोरच्याचा नंबर लिहून घेण्याऐवजी आपल्या फोनवर मिस्ड कॉल द्यायला सांगा. हा रिवाज सगळ्यांचाच आहे.

गोंगाटासाठी इअरप्लग, आणि जागा मागच्या दाराजवळची, स्पीकरपासून लांब. खरी परीक्षा जेवणात. "जेवून आलोय" हे कोल्हापुरात चालत नाही, "घ्या की वो!" म्हणत वाढतातच. वास किंवा तिखट सोसत नसेल तर "मला फक्त पांढरा रस्सा" म्हणून वाटी पुढं करा. वाटी हातात असली की आग्रह थांबतो.

वेळेचा अंदाज चुकणाऱ्यांनी गजर कार्यक्रमाच्या वेळेचा लावू नये, घरातून निघायच्या वेळेचा लावावा. शहरातून शिरोलीला जाताना तावडे हॉटेलपाशी अडकायला होतं, ते धरूनच. एडीएचडीची गोळी चालू असेल तर संध्याकाळच्या कार्यक्रमाला वेळ कशी जुळवायची हे डॉक्टरांना आधी विचारा, मनानं बदलू नका.

सांगायचं का, हा प्रश्न राहतोच. पहिल्या भेटीत निदान सांगायची गरज मला तरी दिसत नाही. गरज सांगावी: "इथं आवाजात मला नीट समजत नाही, बाहेर येता का दोन मिनिटं?" कागदोपत्री गोष्ट वेगळी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया यातच येतो) आहेत. एडीएचडीचं नाव स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्र उपयोगी पडतं ते योजनांना. पीएमईजीपी या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेत दिव्यांग अर्जदाराला स्वतःचा हिस्सा १० ऐवजी ५ टक्के भरावा लागतो, अनुदान शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के.

परतताना गाडी सुरू करायच्या आधी स्वतःलाच व्हॉइस नोट: कोण भेटलं, काय ठरलं. चेहरे विसरणाऱ्यांनी नंबर सेव्ह करताना खूणही लिहावी, "पाटील, गोकुळ शिरगाव, व्हॉल्व्ह, करड्या मिशा." नुसते पाटील फोनमध्ये शंभर असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज करा. दुपारनंतर जमलं तर आराम. डोकं बधिर झालेलं असतं.

आणि काम मिळालंच तर अटी लेखी. उधारी मागायला फोन करणं आपल्यातल्या अनेकांना मेळाव्यापेक्षा जड जातं, म्हणून उद्यम नोंदणीचा (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक बिलावर असू द्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. थकलेच तर केंद्राच्या एमएसएमई खात्याकडं तक्रार ऑनलाइन नोंदवता येते.