आधी शेपटी, मग बाकीचं विमान

रेडिओवर उडवायचं, छोट्या ग्लो इंजिनाचं (तापलेल्या तारेच्या प्लगने पेटणाऱ्या इंजिनाचं) मॉडेल विमान डिझाइन करताना बहुतेक जण पंखापासून सुरुवात करतात. मी शेपटीपासून करतो. का, ते पुढे येईलच. त्याआधी इंजिन आणि माप ठरवू.

इंजिन धरू कॉक्सचं 049, म्हणजे जेमतेम 0.8 सीसीचं, मागे स्वतःची टाकी असलेलं. वजन 50-55 ग्रॅम. रिसीव्हर, रडर (डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची झडप) आणि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी) हलवणाऱ्या 2 छोट्या मोटरी म्हणजे सर्वो आणि बॅटरी हे सगळं 50 ग्रॅममध्ये बसवायचं. विमानाचं एकूण वजन 270 ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही. पंख 90 सेंमी लांब आणि 18 सेंमी रुंद घेतला, तर क्षेत्रफळ 1620 चौ. सेंमी होतं आणि दर चौरस डेसिमीटरवर साधारण 17 ग्रॅम भार येतो. एवढ्या भाराला विमान संथ उडतं, हाताळायला सोपं जातं. एलेरॉन, म्हणजे पंखावरच्या झडपा, नाहीत, त्यामुळे डायहेड्रल, म्हणजे पंखाला वरच्या दिशेने बाक, हवाच: दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा 4-5 सेंमी वर.

आता शेपटी. आडवी शेपटी पंखाच्या एक पंचमांश, म्हणजे 36 × 9 सेंमी, आणि पंखापासून तिचं अंतर रुंदीच्या अडीच पट, 45 सेंमीच्या आसपास. ही शेपटी अडीच मिमी जाडीच्या बाल्सा या हलक्या लाकडातून कापली तर सुमारे 81 घनसेंमी लाकूड लागतं. हलक्या बाल्साची ती 7 ग्रॅमची होते, जड बाल्साची 13 ची. फरक फक्त 6 ग्रॅमचा, पण ते 6 ग्रॅम सीजीपासून, म्हणजे विमानाच्या तोलबिंदूपासून, 45 सेंमी मागे, आणि नाकात शिसं लावायला जागा जेमतेम 15 सेंमी पुढे. तोल साधायला पुढे 18 ग्रॅम घालावे लागतात. म्हणजे एका चुकीच्या फळीपायी 24 ग्रॅम अंगावर आले. सर्वोच्या वजनावर तासन्‌तास वाद घालणारे लोक शेपटीचं लाकूड मात्र हाताला येईल ते उचलतात, याचं मला नवल वाटतं.

म्हणून बाल्सा घेताना वजनकाटा सोबत असावा. दीड मिमी जाडीची, 3 इंच रुंद, 36 इंच लांब फळी 9 ग्रॅमची मिळते आणि 22 ग्रॅमचीही; दिसायला दोन्ही सारख्याच. वजनानंतर रेषा बघायच्या. पृष्ठभागावर चकाकणारे ठिपके-ठिपके दिसले आणि आडवी वाकवताना फळी हटून बसली, तर ती रिब्ज (पंखाच्या आडव्या फासळ्या) आणि शेपटीसाठी. लांब सरळ रेषांची, आडवी सहज वळणारी असेल, तर ती लीडिंग एजवर, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेवर, गुंडाळायला. उलट केलंत तर गुंडाळताना तडकते. स्पारला, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्टीला, मात्र कंजुषी नको, तिथे जरा जड, कडक लाकूडच घ्या.

चिकटवायला पातळ सुपरग्लू पुरे. इपॉक्सी फक्त फायरवॉलला, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या नाकातल्या फळीला. फायरवॉल 3 मिमी प्लायवूडची, आणि तिच्या पुढच्या बाजूला, कडांना, स्क्रूच्या भोकांत इपॉक्सीचा पातळ हात द्या. नाहीतर इंधन लाकडात मुरतं आणि नाक मऊ पडतं. कव्हरिंगला, म्हणजे सांगाड्यावरच्या आवरणाला, हलकी फिल्म वापरा: साधी चौरस मीटरला 60-70 ग्रॅम भरते, हलकी 30-40. रंगाचा मोह आवरा.

इंजिन बसवताना 2 अंश उजवीकडे आणि 2 अंश खाली रोख द्यायचा. विमानाच्या मागे उभं राहून बघताना डाव्या स्क्रूंमागे पातळ वॉशर घातले की रोख उजवीकडे जातो. वरच्या स्क्रूंमागे घातले की खाली. प्रॉपेलर 6 × 3 इंची, बॅलन्स केलेला.

इंधन मिथेनॉल, 15-25 टक्के नायट्रोमिथेन आणि 20 टक्के तेल, त्यातलं निदान निम्मं एरंडेल. एरंडेलामुळे विमान चिकट होतं खरं, पण या इंजिनांच्या कनेक्टिंग रॉडचा सांधा त्याच्याच जिवावर टिकतो. प्लगला दीड व्होल्ट. रीड व्हॉल्व्हचं (पातळ पत्रीच्या झडपेतून हवा-इंधन आत घेणारं) इंजिन कधीकधी उलटं फिरू लागतं. वारा मागे येतोय ना, हे बघून घ्या. चष्मा लावा, आणि इंजिन चालू झालं की नीडल (इंधन कमीजास्त करणारा स्क्रू) फिरवायला प्रॉपेलरच्या मागूनच हात घाला. आवाज सलग चढा झाला की नीडल किंचित परत उघडायची, कारण नाक वर केल्यावर मिश्रणात इंधन आणखी कमी पडतं.

सीजी लीडिंग एजपासून 5 सेंमीवर, टाकी रिकामी ठेवून तपासा. टाकी पुढे असल्यामुळे इंधन संपलं की सीजी मागे सरकतो, आणि उतरताना विमान त्याच अवस्थेत असतं.

मग गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला, सरळ आणि सपाट फेकून ग्लाइड, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणं, बघा. एलेव्हेटर ग्लाइडवरच ठरवायचा. या इंजिनाला थ्रॉटल नाही, टाकी संपेपर्यंत ते पूर्ण जोरात चालतं; म्हणून पहिल्या उड्डाणाला सिरिंजने थोडंच इंधन भरा. ग्लाइड नीट असूनही इंजिनावर विमान नाक वर काढत असेल, तर एलेव्हेटरला हात लावू नका. वरच्या दोन स्क्रूंमागे आणखी एकेक वॉशर घाला.