‘तिला वाटलं’ किती वेळा लिहायचं?

तृतीयपुरुषी कथेच्या पहिल्या खर्ड्यात ‘तिला वाटलं, की...’ एका पानावर चार-पाचदा आलं, तर वाचक पात्राच्या मनाच्या दारातच ताटकळतो. आत जायची वाट मराठी व्याकरणात तयार आहे, ती वापरायला हवी.

सोनेतारण कर्जासाठी सुमन बँकेत आली आहे. खर्डा असा: ‘सुमनला वाटलं, की तिला कुणीतरी ओळखीचं पाहील. ती विचार करू लागली, की ती घरी काय सांगेल.’ यातली ‘तिला’ म्हणजे सुमनच की दुसरी कुणी? आणि ‘ती घरी काय सांगेल’ असं मनात कुणी म्हणत नाही.

आता हे वाचा: ‘सुमननं पाटल्यांची पुरचुंडी काउंटरवर ठेवली. कुणी ओळखीचं बघितलं तर? आणि घरी काय सांगायचं? सासूबाईंचं लक्ष आधी हाताकडेच जातं.’

‘वाटलं’ कुठेच नाही, तरी विचार सुमनचाच आहे. आधीच्या कृतीनं आपण तिच्याजवळ पोचलो. ‘सांगायचं’ला कर्ता लागत नाही, त्यामुळे ‘मी’ की ‘ती’ हा पेच सुटला. आणि ‘सासूबाई’! निवेदक एरवी त्यांना यमुनाबाई म्हणत असेल, तर या एका शब्दानं नजर सुमनची झाली. नात्याच्या नावांचा हा उपयोग फार जण विसरतात.

कर्ता हवाच असेल, तर ‘आपण’ घ्या. ‘आपल्याला कुणी बघितलं तर?’ इथे ‘आपण’ म्हणजे विचार करणारी व्यक्ती, हे अवतरणचिन्हांशिवाय कळतं. मात्र शेजारी नवरा उभा असेल, तर ‘आपण’ म्हणजे दोघं असाही अर्थ निघतो. तिथे वाक्य बदला.

निवेदन भूतकाळात असलं, तरी विचाराचा काळ ओढून मागे नेऊ नका. ‘उद्या हप्ता भरायचाय’ हे तसंच राहू द्या. ‘दुसऱ्या दिवशी हप्ता भरायचा होता’ म्हटलं, की निवेदक बोलू लागतो. भाषेचंही तसंच. सातवी शिकलेल्या सुमनच्या मनात ‘आर्थिक विवंचनेचं सावट’ येत नाही, ‘हप्ता चुकला तर?’ येतं.

‘मी कशाला आले इथे?’ असा थेट विचार एकेरी अवतरणात, प्रसंगात एखाददुसराच. संवाद दुहेरी अवतरणात ठेवला, की गोंधळ होत नाही. तिरका टाइप टाळा: देवनागरीच्या बहुतेक फॉन्टमध्ये तो वेगळा घडवलेला नसतो, संगणक अक्षर नुसतं कलतं करतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो मध्येच काउंटरमागच्या कारकुनाच्या मनात डोकावल्यानं. त्याला कंटाळा आलाय, हे सुमनला दिसेल एवढंच लिहा: तो न बघताच पावती सरकवतो.

खर्डा झाला, की ‘वाटलं’, ‘मनात आलं’, ‘विचार केला’ यांखाली पेन्सिलीनं रेघा मारा. सगळी खोडून मोठ्यानं वाचा. विचार कुणाचा हे जिथे कळत नाही, तिथेच ती परत घाला. लांबलचक संवादानंतर बहुधा एखादं लागतंच.