उन्हातल्या सायकलफेरीची तयारी : आधी मीठ

हेल्मेट, पंप, पंक्चरचे सामान यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. उन्हात लांब जायचे असेल तर सर्वांत आधी मीठ काढून ठेवावे. मागच्या खेपेस पाणी मुबलक होते आणि मीठ घरी राहिले, म्हणून ते यादीत पहिले आहे. घामावाटे पाण्याबरोबर सोडियमही जाते. गेलेल्या घामापेक्षा जास्त नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते, मळमळ आणि डोकेदुखी सुरू होते, आणि ही लक्षणे उन्हाचीच समजून माणूस आणखी पाणी पितो. हेल्मेटच्या काळ्या पट्ट्यांवर घाम वाळल्यावर ज्यांच्या पांढऱ्या रेषा उमटतात, त्यांनी तर मिठाशिवाय बाहेर पडूच नये. ओआरएसची पुडी एक लिटरची असेल तर ती एक लिटर पाण्यातच विरघळवावी. 750 मिलिलिटरच्या बाटलीत अख्खी पुडी रिकामी करू नये. पुड्या सायकलच्या पिशवीत नकोत, जर्सीच्या खिशात हव्यात, आणि निघताना खिसा चाचपून पाहावा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच मीठ वाढवावे.

पाणी साधारणपणे तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागते, पण अंदाजापेक्षा वजनकाटा बरा: फेरीआधी आणि फेरीनंतर वजन करावे, एक किलो घटले म्हणजे प्यायलेल्या पाण्याखेरीज सुमारे एक लिटर कमी पडले, आणि वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले. एक बाटली आदल्या रात्री पाऊण भरून गोठवावी. काठोकाठ भरल्यास ती फुटते.

खाणे तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जातील इतके असावे. उन्हात रक्त त्वचेकडे वळते आणि पचन मंदावते, त्यामुळे थोडे-थोडे खावे. चॉकलेट नेऊ नये. खारट काहीतरी मात्र न्यावेच. मीठ इथेही विसरू नये.

पहाटे निघावे. चढावर वेग घटला की वाराही लागत नाही, म्हणून चढ ऊन वाढण्याआधी उरकावेत. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर अंतर कमी ठेवावे. सैल, फिकट कपडे, सनस्क्रीन, चार्ज केलेला फोन. बोलणे असंबद्ध झाले किंवा तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजावा: सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवावी.