उघड्या कोळसा खाणीत मॉनिटरिंग आणि जमीन पूर्ववत करणं: काम कसं करायचं

जमीन पूर्ववत करायचं काम कोळसा संपल्यावर बघू असं बऱ्याच जणांना वाटतं, पण निम्मं काम तर पहिली बकेट मातीला लागायच्या आधीच करायचं असतं. बेसलाइन डेटा, म्हणजे खाण नसताना तिथलं पाणी, हवा, माती कशी होती याची नोंद, किमान वर्षभर घ्या म्हणजे सगळे सीझन त्यात येतात. नाहीतर पुढे विहिरीचं पाणी खाणीने बिघडलं की आधीपासूनच तसं होतं यावर वाद होणार आणि पुरावा कोणाकडेच नसणार.

हवेचं त्यातल्या त्यात सोपं आहे. पीएम १० आणि पीएम २.५, म्हणजे १० आणि २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक धूळकण, यांचे सँपलर वारा येतो त्या बाजूलाही लावा आणि जातो त्या बाजूलाही, कारण एकाच बाजूच्या आकड्यावरून धूळ खाणीची की बाहेरची ते कळत नाही. आणि सगळे ब्लास्टिंगच्या नावाने ओरडतात पण बहुतेक खाणींत जास्त धूळ डंपर धावतात त्या हॉल रोडवरून उडते, तेव्हा आधी टँकरने पाणी मारायचं वेळापत्रक नीट करा.

पाण्याकडे मात्र बारीक लक्ष हवं. कोळशाच्या थरात आणि आजूबाजूच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असतं, त्याला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल बनतं, त्यात लोह, मँगनीज विरघळतं आणि मग नाल्याच्या तळाला तो केशरी गाळ बसायला लागतो. तो डोळ्याला दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. नुसत्या पीएचवर विसंबू नका, खडकात चुना असेल तर तो बराच काळ आम्ल मारत राहतो, पीएच ७ च्या आसपास मस्त दिसतो आणि त्याच आम्लातून येणारं सल्फेट मात्र गुपचूप चढत असतं, म्हणून दर महिन्याला सल्फेटचा ग्राफ काढा, धोका आधी तिथे दिसतो.

सँपल घेताना पीएच, तापमान, ईसी (पाण्याची वीजवाहकता, त्यावरून क्षारांचा अंदाज येतो) जागेवरच मोजा, लॅबला पोचेपर्यंत ते बदलतात. विरघळलेले धातू बघायचे असतील तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि मगच नायट्रिक ॲसिड टाकून पीएच २ च्या खाली आणायचा. क्रम उलटा झाला तर गढूळपणातलं लोहसुद्धा विरघळतं आणि रिपोर्टमध्ये भलताच आकडा येतो, तो बघून मग सगळी पळापळ. बोअरवर आधी पाण्याची लेव्हल मोजा, मग साचलेलं पाणी ईसी स्थिर होईपर्यंत उपसा, सँपल त्यानंतर.

खडकाचीही टेस्ट करून घ्या. हिशोब सोपा आहे, सल्फरच्या टक्केवारीला ३१.२५ ने गुणलं की एक टन खडकातून होऊ शकणारं आम्ल मारायला किती किलो कॅल्शियम कार्बोनेट लागेल ते मिळतं. खडकात मुळात तेवढा चुना नसेल तर तो माल डंपच्या, म्हणजे खोदून काढलेल्या खडक-मातीच्या ढिगाच्या, वरच्या थरात अजिबात नको, जिथे हवा पोचणार नाही असा पुरायचा.

आता माती. वरची काळी-भुरी माती वेगळी काढा, खालची मुरमाड वेगळी, आणि ओली असताना काढूच नका. ढीग दोन-तीन मीटरपेक्षा उंच नको, आतल्या भागात हवा जात नाही आणि जिवाणू, बुरशी, बिया सगळं मरतं. सगळ्यात चांगलं म्हणजे ढीग करायचाच नाही, एका पट्ट्यातून उचललेली माती थेट तयार झालेल्या पट्ट्यावर टाकायची. प्लॅनिंगची कटकट आहे पण करण्यासारखी आहे.

भरणी करताना एक सवय मोडावी लागते. डोझरवाल्याला जमीन गुळगुळीत दिसली की समाधान वाटतं, साहेबांनाही फोटोत छान दिसते, पण डोझर जितक्या वेळा फिरतो तितकी माती दाबली जाते आणि मग मुळं खाली जात नाहीत. अमेरिकेच्या ॲपलाचिया भागात खाणींवर जंगल परत आणायची जी पद्धत आहे तिच्यात सुमारे १.२ मीटर जाडीचा मुळं धरेल असा थर लागतो आणि वरचा भाग सैल ठेवतात. शंका असेल तर फावड्याने दोन फूट खड्डा घ्या आणि कडेची मुळं बघा. एका खोलीला येऊन सगळी आडवी वळली असतील तर तिथे दाबलेला थर आहे, रिपर (जमीन खोल फोडणारा दात) फिरवल्याशिवाय खत टाकून काही होणार नाही.

लागवडीत शेंगवर्गीय झाडं घ्या, नायट्रोजन मिळतो, पण उतार लवकर हिरवा दिसावा म्हणून दाट गवत पेरू नका, ते रोपांचं पाणी खातं. गवत विरळ आणि झाडं तिथलीच. नंतर किती रोपं जगली ते ठरलेल्या चौकटींत मोजा आणि दरवेळी त्याच खुंटावरून, त्याच दिशेने फोटो घ्या.

आणि हिरवं झालं म्हणून गाशा गुंडाळू नका. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यात लागवडीनंतर ५ वर्षं जबाबदारी खाणवाल्याकडेच राहते, कमी पावसाच्या भागात १० वर्षं, ते उगाच नाही. भरणी वर्षानुवर्षं खचत राहते, खळगे पडतात, तिथे पाणी मुरतं. पंप बंद केल्यावर भूजल हळूहळू वर चढतं आणि पुरलेल्या मालातून जाऊन बाहेर कुठे फुटेल ते पीझोमीटरच (भूजलाची पातळी मोजायच्या जमिनीत पुरलेल्या नळ्या) सांगतात, म्हणून लेव्हलिंगच्या वेळी त्यांचे पाइप डोझरखाली जाऊ देऊ नका, भोवती दगड रचून लाल रंग मारा आणि टोपीला कुलूप लावा.