झाड नेमकं कुठे वाढतं? या चुका टाळा

बुंध्यात छातीच्या उंचीवर खिळा ठोकला. वीस वर्षांत झाड दुप्पट उंच झालं. आता खिळा कुठे असेल? बहुतेक जण वर बोट दाखवतात. खिळा असतो तिथेच, फार तर लाकडाने गिळलेला.

लहान मूल सगळ्या अंगाने वाढतं, झाड तसं वाढत नाही. नव्या पेशी तयार होतात त्या ठरावीक जागी, विभाजी ऊतींत, म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या पेशींच्या समूहांत. शेंड्याची आणि मुळाच्या टोकाची प्ररोह विभाजी ऊती लांबी वाढवते. सालीच्या अगदी आतल्या अंगाला असलेला एधेचा पातळ थर जाडी वाढवतो. एधा आतल्या बाजूला जलवाहिनी रचते, म्हणजे लाकूड, आणि बाहेर रसवाहिनी, म्हणजे पानांतलं अन्न वाहून नेणारी ऊती.

म्हणूनच झाडाला तार आवळून बांधू नका. खोड जाड होतं, तार सालीत रुतते आणि पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जाताना वाटेतच अडतं. तारेच्या वर फुगवटा येतो तो यामुळे. मी एकदा नावाची पाटी अशीच बांधली होती आणि फुगवट्याला रोग समजून औषध फवारत बसलो. तार काढायचं सुचलंच नाही! याउलट, आतून पोकळ झालेला वृक्ष वर्षानुवर्षं हिरवागार दिसतो. मधलं जुनं लाकूड मृतच असतं. पाणी चढतं ते बाहेरच्या नव्या लाकडातून.

कलम न धरण्यामागेही बऱ्याचदा एधाच असते. खुंट (मुळांसकटचं खालचं झाड) जाड, काडी (त्यावर बसवायची फांदी) बारीक, आणि आपण हौसेने काडी बरोबर मध्यभागी खोचतो. एधेला एधा भिडत नाही, मग जोड सांधणार कसा? काडी एका कडेला सरकवा. साल आणि लाकूड यांच्यामधली रेघ दोन्हीकडे जुळली पाहिजे.

नारळ-सुपारीला मात्र हे काहीच लागू नाही. त्यांच्यात अशी एधा नसते, त्यामुळे बुंध्यावरची खाच जन्मभर तशीच राहते. वाढीचा कोंबही एकच. ‘फांद्या फुटतील’ म्हणून शेंडा छाटलात तर झाड गेलंच.

उपटून लावलेलं रोप मान टाकतं तेव्हा पाण्यावर पाणी ओतणं ही नेहमीची चूक. पाणी शोषणारे मूलरोम मुळाच्या टोकाच्या थोडं मागे असतात आणि उपटताना तेच तुटतात. चिखल केला तर मुळांना हवाही मिळत नाही. मातीचा गोळा न फोडता रोप लावा आणि नवे मूलरोम येईपर्यंत सावली करा.

एक चूक विद्यार्थ्यांची: ‘कोंब फुटतो म्हणजे ते खोड’. ही कसोटी फसवी आहे. कोंब रताळ्यालाही फुटतात, आणि रताळं मूळ आहे. खोड ओळखायचं ते पेरांवरून, म्हणजे पानं आणि डोळे फुटतात त्या ठरावीक जागांवरून. बटाट्याचे डोळे ठरावीक क्रमाने असतात आणि आल्यावर खवल्यांची वलयं दिसतात. कांद्यात खोड म्हणजे बुडाशी असलेली चपटी चकती. आपण खातो ते पाकळ्यांसारखे थर म्हणजे पानांचे फुगलेले तळ.