'जरी' आलं की 'तरी' गाळा: इंग्रजी वाक्यं कशी जोडावीत

इंग्रजी लिहिताना चुकायला नको म्हणून काही जण पाच-पाच शब्दांची तुटक वाक्यं लिहितात. काही जण एकदा सुरू केलेलं वाक्य 'अँड', 'अँड' करत परिच्छेदाच्या टोकापर्यंत ओढतात. दोघांनाही शब्द येत असतात, काळही बहुतेक वेळा बरोबर असतात. अडतं ते जोडणीत. आणि त्यामागे आपल्या मायबोलीची एक सवय आहे: मराठीत आपण वाक्यं जोडशब्दांच्या जोडीनं बांधतो. जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो. इंग्रजीला बहुतेक ठिकाणी एकच शब्द पुरतो. एवढं ध्यानात ठेवून पुढच्या पायऱ्या चढल्या तर लिखाणात लवकर फरक दिसतो.

पायरी पहिली: क्रियापदं मोजा

विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी, उद्गारार्थी हे प्रकार शाळेत पाठ झालेले असतात. ते वाक्याच्या हेतूवरून पडतात, जोडणीसाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. आपल्याला हवी आहे रचना, आणि ती ओळखण्याची खूण म्हणजे काळ दाखवणारं क्रियापद. अशी क्रियापदं किती आणि त्यांचे कर्ते कोण, एवढंच पाहायचं. 'टू गो' किंवा नुसतं 'गोइंग' मोजायचं नाही, कारण त्यातून काळ कळत नाही.

लांबीवर जाऊ नका. 'द ओल्ड मॅन विथ द ब्लॅक अम्ब्रेला वॉक्स टू द लायब्ररी एव्हरी मॉर्निंग' हे एवढं लांबलचक असूनही केवल वाक्य आहे, कारण 'वॉक्स' हे एकच क्रियापद. उलट 'आय नो ही लाइज' हे चार शब्दांचं वाक्य मिश्र आहे: 'आय नो' हे मुख्य आणि 'ही लाइज' हे गौण, म्हणजे मुख्यावर अवलंबून असलेलं, उपवाक्य, मधला 'दॅट' गाळलेला. दोन्ही बाजू स्वतःच्या पायावर उभ्या राहत असतील तर ते संयुक्त वाक्य. संयुक्त वाक्याच्या एका बाजूला गौण उपवाक्य लटकलेलं असेल, तर इंग्रजी व्याकरण त्याला चौथा, संयुक्त-मिश्र प्रकार मानतं.

पायरी दुसरी: मुख्य काय, ते आधी ठरवा

जोडशब्द शोधायच्या आधी स्वतःला विचारा, या दोन गोष्टींत मला वाचकाच्या मनात कोणती ठेवायची आहे? दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या असतील तर संयुक्त वाक्य करा. त्यासाठी इंग्रजीत सात छोटे शब्द आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. त्यांची आद्याक्षरं जुळवून 'फॅनबॉइज' असा शब्द होतो, तो लक्षात ठेवायला सोपा. दोन पूर्ण वाक्यं जोडताना या शब्दाच्या आधी स्वल्पविराम येतो. 'नॉर' तेवढा वेगळा वागतो, त्याच्यानंतर प्रश्नासारखी उलट रचना लागते: 'ही डिड नॉट कॉल, नॉर डिड ही राइट.'

एक गोष्ट दुसरीपेक्षा मोठी असेल तेव्हा मात्र मिश्र वाक्य हवं, आणि खरं कौशल्य इथेच आहे. ही दोन वाक्यं पाहा.

'ऑल्दो शी वर्क्स स्लोली, शी नेव्हर मेक्स मिस्टेक्स.'

'ऑल्दो शी नेव्हर मेक्स मिस्टेक्स, शी वर्क्स स्लोली.'

माहिती तीच, पण पहिलं वाक्य कौतुकाचं आहे आणि दुसरं तक्रारीचं. गौण उपवाक्यात घातलेली गोष्ट मागे सरते, मुख्य उपवाक्यातली पुढे येते, आणि जी शेवटी येते ती जास्त लक्षात राहते. एखाद्याच्या कामाबद्दल अभिप्राय लिहिताना नकळत उलटा क्रम पडला, तर चांगल्या मनानं लिहिलेलं वाक्यही समोरच्याला टोचतं. म्हणून महत्त्वाच्या मजकुरात प्रत्येक 'ऑल्दो'पाशी थांबून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

पायरी तिसरी: जोडीतला एक शब्द काढा

'जरी रस्ता बंद होता तरी आम्ही वेळेवर पोहोचलो.' याचं आपण सहज करून टाकतो: 'ऑल्दो द रोड वॉज क्लोज्ड, बट वी अराइव्ह्ड ऑन टाइम.' इथे 'ऑल्दो' तरी ठेवा, नाहीतर 'बट' तरी. जुन्या इंग्रजी गद्यात 'ऑल्दो'नंतर कधीकधी 'येट' येतो, पण आजच्या लिखाणात त्याची गरज नाही. तसंच 'बिकॉज' आला की 'सो' गाळा, 'व्हेन' आला की 'देन' गाळा. 'इफ'नंतर 'देन' चालतो, पण नसला तरी काही बिघडत नाही.

जो-तो ही जोडी अशीच फसवते. 'जे पुस्तक मी घेतलं ते चांगलं आहे' यातला 'ते' इंग्रजीत 'इट' होऊन डोकावतो: 'द बुक विच आय बॉट, इट इज गुड.' तो 'इट' आणि त्याच्या आधीचा स्वल्पविराम दोन्ही काढा: 'द बुक विच आय बॉट इज गुड.'

जेव्हा-तेव्हाबरोबर आणखी एक चूक येते. 'तो येईल तेव्हा मी सांगीन' यात आपण दोन्हीकडे भविष्यकाळ वापरतो. इंग्रजीत अशा वेळी 'व्हेन'च्या उपवाक्यात वर्तमानकाळ लागतो: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.'

इंग्रजीच्या स्वतःच्या जोड्याही आहेत: आयदर-ऑर, नायदर-नॉर, बोथ-अँड, नॉट ओन्ली-बट ऑल्सो. त्या पूर्णच ठेवायच्या. फक्त दोन्ही शब्दांमागे सारखीच रचना यावी, एकीकडे नाम तर दुसरीकडेही नाम.

पायरी चौथी: स्वल्पविरामावर भार टाकू नका

मराठीत विरामचिन्हांची पद्धत एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी रुजवली. त्याआधी वाक्यांचे सांधे शब्दच दाखवत, आणि आजही मराठी वाचताना आपण शब्दांवर जास्त विसंबतो. इंग्रजीत स्वल्पविरामाची जागा चुकली तर वाक्यच चुकतं. 'आय वॉज टायर्ड, आय वेंट होम' हे औपचारिक लिखाणात चूक धरतात, कारण दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडता येत नाहीत. मध्ये 'सो' घाला, अर्धविराम द्या किंवा पूर्णविराम देऊन मोकळे व्हा. 'हाऊएव्हर' आणि 'देअरफोर' दिसतात जोडशब्दांसारखे, पण ते क्रियाविशेषणं आहेत. दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये ते आले तर त्यांच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवाच.

गौण उपवाक्य आधी आलं तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्या. मागून आलं तर बहुतेक वेळा लागत नाही.

'हू' आणि 'विच'पाशी मात्र एका स्वल्पविरामानं अर्थ फिरतो. 'माय ब्रदर, हू लिव्ज अब्रॉड, इज अ डॉक्टर' म्हणजे भाऊ एकच, आणि तो परदेशात असतो ही जादा माहिती. दोन्ही स्वल्पविराम काढले की अर्थ होतो: माझा जो भाऊ परदेशात राहतो तो डॉक्टर आहे. म्हणजे भाऊ आणखीही आहेत.

पायरी पाचवी: 'ऊन'चा कान वापरा

इथे मराठी आपल्याला उलट मदत करते. 'दार उघडून मी पाऊस पाहिला' असं आपण म्हणतो, पण 'मी दार उघडून पाऊस सुरू झाला' असं कुणीच म्हणत नाही, कारण 'उघडून' आणि पुढचं क्रियापद यांचा कर्ता एकच लागतो हे कानाला ठाऊक असतं. इंग्रजीतल्या 'इंग'च्या रचनेलाही हाच नियम आहे. 'ओपनिंग द डोअर, आय सॉ द रेन' बरोबर. 'ओपनिंग द डोअर, द रेन स्टार्टेड' यात दार पावसानं उघडलं असा अर्थ निघतो. शंका आली की वाक्य मनात 'ऊन' लावून म्हणून पाहा.

आता हे सगळं एकत्र करून पाहू. मूळ मजकूर असा: 'आय मिस्ड द ट्रेन. आय टुक अ टॅक्सी. द टॅक्सी वॉज स्लो. आय गॉट आउट. आय रॅन द लास्ट माइल. द इंटरव्ह्यू वॉज ओव्हर.'

पहिल्या दोन वाक्यांचा कर्ता एकच, म्हणून 'हॅविंग'. पुढच्या तिनांत कारण आणि परिणाम आहे, म्हणून 'सो' आणि 'दॅट'. (ही जोडी इंग्रजीचीच, तेव्हा दोन्ही शब्द राहतील.)

'हॅविंग मिस्ड द ट्रेन, आय टुक अ टॅक्सी. इट वॉज सो स्लो दॅट आय गॉट आउट अँड रॅन द लास्ट माइल. द इंटरव्ह्यू वॉज ओव्हर.'

शेवटचं वाक्य मुद्दाम सुटं ठेवलं आहे. ते 'बट' लावून मागच्याला चिकटवलं असतं तर धावपळीच्या वर्णनात बुडून गेलं असतं.